राष्ट्रभाषेची परीक्षा आणि फौजी वॉर्ड

गावात कुणाकडे चहाला गेले की हमखास विचारतात, "बंदूक चालवलीस का गं कधी?" नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. कारगिल युद्धाच्या वेळी श्रीनगरच्या फौजी इस्पितळात नर्स होते असं सांगितलं की चहाबरोबर चिवडाही येतो, पण पुढचा प्रश्न पुन्हा गोळ्यांचाच. शाळेच्या स्मरणिका समितीने "तुमच्या नोकरीबद्दल लिहा" म्हटलं, तेव्हा ठरवलं की एकदा नीट सांगून टाकावं.

आपलं गाव फौजींचं. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील नाहीतर चुलते पलटणीत. मुलं मिसरूड फुटलं की भरतीला पळायची, मुलींसाठी डी.एड. किंवा लग्न. शास्त्राच्या बाईंनी मला पुण्याच्या एएफएमसीतल्या (फौजेच्या मेडिकल कॉलेजातल्या) नर्सिंग कॉलेजची जाहिरात कापून दिली आणि घरी येऊन आईला सांगितलं, "शिक्षण फुकट, राहणं फुकट आणि खांद्यावर स्टार." आईला पहिल्या दोन गोष्टी लगेच पटल्या. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आमचे काका मात्र म्हणाले, "नर्स ती नर्स. तिला कसला आलाय स्टार?" चार वर्षांनी मी लेफ्टनंट होऊन सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी भर अंगणात कडक सॅल्यूट ठोकला आणि त्याच दमात म्हणाले, "आता पाणी आण."

काकांचं तरी काय चुकलं? नर्सिंग ऑफिसर हे खरंच ऑफिसर असतात, हे अजूनही पुष्कळांना पटत नाही. १८८८ साली दहा प्रशिक्षित परिचारिका बोटीने मुंबईला उतरल्या, तिथून या सेवेची सुरुवात धरतात. १९२६ साली इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस उभी राहिली आणि दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ च्या वटहुकमाने, नर्सना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. आपल्या सेनादलांत मेजर जनरल झालेली पहिली बाई कोण, हे सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत विचारून बघा. १९७६ साली त्या हुद्द्यावर पोचलेल्या जी. ए. राम नर्सच होत्या.

१९९९ च्या उन्हाळ्यात मी कॅप्टन होते, श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलमध्ये, सर्जिकल वॉर्डला. आघाडीवरच्या द्रास-बटालिककडून जखमींना घेऊन हेलिकॉप्टर आलं की आवाजावरूनच आम्ही खाटा मोकळ्या करायला लागायचो. लोकांना वाटतं सगळे गोळी लागलेले असतील. बहुतेक जखमा स्प्लिंटरच्या, म्हणजे फुटलेल्या तोफगोळ्यांच्या तुकड्यांच्या होत्या, हातापायांना जास्त. स्प्लिंटर अंगात एकटं शिरत नाही; माती, कपड्याच्या चिंध्या, मोज्याची लोकर सगळं आत घेऊन जातं. म्हणून अशी जखम लगेच शिवत नाहीत. सर्जन मेलेलं मांस कापून काढतात, जखम उघडी ठेवून वर गॉज घालतात आणि चार-पाच दिवसांनी ती स्वच्छ दिसली तरच टाके. नव्याने आलेल्या मुलींना हे बघवत नसे. एवढी मोठी जखम अशीच ठेवायची?

ठेवायची, आणि वरचं ड्रेसिंग उगाच उघडायचंही नाही. नाडी बघायची, ताप बघायचा, पट्टीच्या कडेला सूज चढते आहे का ते बोटाने चाचपायचं आणि खाली वाकून वास घ्यायचा. गॅस गँग्रीनचा, म्हणजे जंतू शिरून आतलं मांस सडायला लागल्याचा, तो गोडसर, कुबट वास एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही. कालपर्यंत शांत पडलेला पेशंट "सिस्टर, बहुत दर्द है" म्हणायला लागला आणि नाडी पळायला लागली की सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन असोत, सर्जनला उठवायचं. ते चिडले तर चिडले. पाय वाचतो, कधी जीव वाचतो, तो त्या फोनमुळे. माझ्या नोकरीतलं शौर्य विचाराल तर हे एवढंच.

आणि पत्रं. गढवालकडचा एक पोरगा होता, विशीचा. दोन्ही हातांना बँडेज, डावा पाय गुडघ्याखाली काढलेला. आईला पत्र लिहायचं म्हणाला. शाळेत हिंदीच्या सरांनी राष्ट्रभाषा सभेच्या परीक्षांना आम्हाला अक्षरशः ढकललं होतं. पत्रलेखन तर त्यांनी इतकं घोटून घेतलं होतं की आम्ही वैतागायचो. ते तिथे कामाला आलं. तो सांगत होता, मी लिहीत होते: पैर में थोड़ी चोट है। माझा हात थांबला. तो म्हणाला, "लिख दीजिए सिस्टर. थोड़ी." मी लिहिलं.

पुढे बदली होऊन पुण्यात आले, तेव्हा युद्धाचा उरलेला भाग दिसला. वानवडीचं आर्टिफिशियल लिम्ब सेंटर १९४४ पासून फौजींना हातपाय बसवून देतंय. नसलेल्या पायाला खाज सुटते म्हणून रात्री रडकुंडीला आलेले जवान मी बघितले. खडकीला पाठीच्या कण्याचे पेशंट. दर दोन तासांनी कूस बदलायची, चौघांनी मिळून, एक-दोन-तीन म्हणत, मान आणि कंबर एका रेषेत ठेवून. एक पाळी चुकली तरी कातडी लाल होते आणि बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, सुरू. कारगिलच्या ५२७ शहिदांचा आकडा आपल्या मुलांना पाठ आहे, असायलाच हवा. जखमी १३०० हून अधिक होते, हे मात्र कुठल्याच भाषणात येत नाही. २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, शाळेत हारतुऱ्यांचा कार्यक्रम होतो, तेव्हा आपल्या पंचक्रोशीतल्या एखाद्या काठी टेकत चालणाऱ्या फौजीलाही व्यासपीठावर बसवा, असं मी मुख्याध्यापकांना सांगून ठेवलंय.

आता नववी-दहावीच्या मुलींसाठी. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. हल्ली 'नीट' (NEET) ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, नंतर फौजेची वेगळी चाचणी, मुलाखत आणि मेडिकल. इंग्रजीला घाबरू नका, मीही आपल्याच शाळेतून गेलेय. पास झाल्यावर काही वर्षं नोकरी करण्याचा बाँड असतो, तो घरच्यांना आधीच समजावून सांगा, म्हणजे मध्येच कुणी स्थळ घेऊन येणार नाही. माझा नंबर शाळेच्या ऑफिसात दिलाय. फोन दुपारी चारनंतर करा. इतक्या वर्षांच्या नाइट ड्यूटीची झोप अजून वसूल करतेय.

— लेफ्टनंट कर्नल (निवृत्त), मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस
दहावी, १९८५ ची तुकडी