मनरो डायोरामा, तिसरा टप्पा: बोटीतून उतरवला, किंग स्ट्रीटवर आणला

मंडळी, पावसाळ्यात बंद पडलेलं काम परत सुरू झालंय. नवीन असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, डायोरामा म्हणजे छोट्या फिगर (पुतळे) मांडून उभा केलेला देखावा, स्केल १:३२ (खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढं), बेस साधारण ए-फोर कागदाएवढा, आणि विषय जेम्स मनरो, अमेरिकेचा पाचवा राष्ट्राध्यक्ष, पण खुर्चीवरचा नाही, १८ वर्षांचा लेफ्टनंट, २६ डिसेंबर १७७६ ची सकाळ, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली ट्रेंटन गावातली लढाई.

पहिला मोठा बदल म्हणजे बोट रद्द केली. लढाईच्या आदल्या रात्री डेलावेअर नदी ओलांडणाऱ्या सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनचं, चित्रकार लॉइट्झेचं १८५१ चं ते प्रचंड चित्र सगळ्यांनी बघितलेलंच आहे, त्यात वॉशिंग्टनच्या मागे झेंडा धरून उभा आहे तो मनरो, आणि मी पण तेच करायला घेतलं होतं, बोटीच्या फळ्यासुद्धा कापून झाल्या होत्या. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की तो चांदण्यापट्ट्यांचा झेंडा मुळात जून १७७७ ला ठरला, म्हणजे लढाईनंतर सहा महिन्यांनी, आणि मनरो वॉशिंग्टनच्या बोटीत नव्हताच. तो कॅप्टन विल्यम वॉशिंग्टनच्या (हा वेगळा वॉशिंग्टन) पुढच्या तुकडीबरोबर आधीच पलीकडे गेला होता, गावाबाहेरचा रस्ता अडवायला. मग खरं काय घडलं ते सोडून खोटा झेंडा कशाला रंगवायचा? फळ्या डब्यात ठेवल्यात, कुठेतरी कामाला येतील.

आता सीन असा आहे. गावात हेसियन सैन्य, म्हणजे ब्रिटिशांनी भाड्याने आणलेले जर्मन, त्यांचा कर्नल राल. किंग स्ट्रीटवर (आज त्याला वॉरन स्ट्रीट म्हणतात) त्यांनी तीन-पाउंडर (तीन पौंडांचा गोळा टाकणाऱ्या) दोन तोफा बाहेर काढल्या, रस्त्याच्या वरच्या टोकाला अमेरिकन तोफा लागलेल्या, त्यांच्या माऱ्यात हेसियन गोलंदाज हटले आणि मग त्या दोन तोफा पुन्हा चालू व्हायच्या आत ताब्यात घ्यायला विल्यम वॉशिंग्टन आणि मनरो धावत गेले. कॅप्टनच्या दोन्ही हातांना लागलं, मनरोच्या खांद्यात गोळी घुसली आणि धमनी तुटली. मी धरलाय तो क्षण त्याच्यानंतरचा, मनरो खाली पडलाय आणि डॉक्टर रायकर त्याच्यावर वाकलाय.

हा रायकर म्हणजे माझ्यासाठी सगळ्या प्रोजेक्टचा जीव आहे. आदल्या रात्री रस्ता अडवून बसलेले असताना कुत्री भुंकायला लागली आणि एक माणूस शिव्या देत घराबाहेर आला, त्याला वाटलं हे ब्रिटिश सैनिक आहेत. आपलीच माणसं आहेत कळल्यावर त्यानं खायला आणलं, आणि डॉक्टर आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेन म्हणून तुकडीबरोबर निघाला. काही तासांनी त्याच माणसानं मनरोची धमनी दाबून रक्त थांबवलं. त्या रात्री कुत्री भुंकली नसती तर हा पोरगा बहुतेक त्या रस्त्यावरच गेला असता. गोळी मात्र कधी निघाली नाही, पुढची ५४ वर्षं ती खांद्यातच राहिली.

आता प्रत्यक्ष काम. मनरो सहा फूट उंच, म्हणजे १:३२ ला ५७ मिमी, आणि माझी फिगर ५४ मिमीची, म्हणून दोन्ही मांड्या कापून आत तार घातली आणि एमसीलनं तीन मिमी वाढवल्या. पडलेल्या माणसात हा फरक दिसणार नाही असं वाटलं होतं पण दिसतो, पाय लांब झाल्यावर तो एकदम कोवळा, नुसताच उंच वाढलेला मुलगा वाटायला लागला. चेहऱ्याला मात्र तीन आठवडे गेले. त्याची प्रसिद्ध पोर्ट्रेट्स बघितली तर सगळी उतारवयातली, रुंद कपाळ, थकलेले डोळे, तोच चेहरा छोटा करून बसवला तर म्हातारा दिसतो. शेवटी गालाची हाडं थोडी घासली, ओठ किंचित उघडे केले, डोळ्यात राखाडी-निळ्याचा एकच ठिपका दिला, पांढरा अजिबात वापरला नाही. ओठांना त्वचेच्याच रंगात थोडा निळा मिसळलाय कारण रक्त गेलेल्या माणसाचे ओठ लाल नसतात.

रक्त: कापडावर सांडलेलं म्हणून मधे भडक लाल आणि कडेला तपकिरी असं ओलं असतानाच एकात एक पसरवलं. जास्त नाही केलं, रायकरच्या बोटांखाली आणि बाहीवर एवढंच.

बर्फ: त्या सकाळी कोरडा भुरभुरीत बर्फ नव्हता, वादळ होतं, गारा, पाऊस, बर्फ सगळं एकत्र, म्हणजे रस्त्यावर चिखलमिश्रित ओला लगदा. खाण्याचा सोडा वापरू नका, काही महिन्यांत पिवळा पडतो. मी पांढरी रांगोळी चाळून फेविकॉलमध्ये कालवली, चाकांच्या खुणांमध्ये तपकिरी पाणी सोडलं आणि वरून ग्लॉसचा (चकचकीत वार्निशचा) पातळ हात. दिवाळीच्या किल्ल्यावर रांगोळी वापरलीय ना, अगदी तसंच, फक्त फेविकॉल जास्त.

एक नुकसान झालं ते सांगतो म्हणजे तुमचं होणार नाही. पहिली हेसियन फिगर जुलैमध्ये संपवली आणि भर पावसाच्या दिवशी मॅट वार्निशचा स्प्रे मारला, दमट हवेनं पूर्ण निळ्या कोटावर पांढरी साय धरली. परत ग्लॉसचा हात देऊन थोडं सुधारलं पण कोटाच्या घड्या गेल्या त्या गेल्याच, ती फिगर आता सगळ्यात मागे.

बेसच्या मागच्या कडेला, रस्त्यापासून वेगळी, एक दुसरी फिगर येतेय: मनरोच, पण १८१७ चा, राष्ट्राध्यक्ष झाल्यावर दौऱ्यावर निघालेला. मधल्या ४० वर्षांत ब्रँडीवाइन आणि मॉनमथच्या लढाया, मग थॉमस जेफरसनकडे वकिलीचा अभ्यास, सिनेट, पॅरिसला राजदूत, व्हर्जिनियाचा गव्हर्नर, १८०३ चा लुइझियाना खरेदीचा करार. त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते १८१४ चं, परराष्ट्रमंत्री असताना, वयाच्या ५६ व्या वर्षी, ब्रिटिश फौज कुठपर्यंत आलीय ते बघायला हा माणूस स्वतः घोड्यावर बसून गेला. आणि गुलामांच्या मेहनतीवर त्याची शेती चालायची हेही तितकंच खरं, ते सोडून त्याचं आयुष्य सांगता येत नाही, म्हणून बेसच्या पाटीवर ती ओळ पण घालणार आहे.

या फिगरचे कपडे करायला मजा येतेय. तोपर्यंत लोक लांब पॅन्ट घालायला लागलेले, हा मात्र तरुणपणचीच गुडघ्यापर्यंतची विजार, लांब मोजे, बकलचे बूट, तिकोनी हॅट. त्याचा एक खांदा मी अर्धा मिमी खाली घेतलाय, पडलेल्या मुलाचा जो खांदा रायकरनं धरलाय तोच. याला कुठला पुरावा नाही, माझं मन सांगतं म्हणून.

राहिलंय काय तर एका तोफेच्या चाकाचे आरे आणि रायकरचा उजवा हात. हात आत्ता नुसता खांद्यावर ठेवल्यासारखा दिसतोय, दाबल्यासारखा नाही. रविवारी मनगटातून कापून, अंगठा आत वळवून परत जोडणार आहे, कुणी या स्केलला बोटं वाकवली असतील तर गरम पाण्यात बुडवून वाकवता की कापूनच, ते नक्की सांगा.