आईला कायदा लागू, बाबांना नाही

माझा थोरला भाऊ आई आणि बाबा दोघांवरही हात उचलत होता. घर बाबांचं, फंडाच्या पैशातून बांधलेलं, आणि त्याला ते स्वतःच्या नावावर हवं होतं. सही मिळेना म्हणून आधी शिवीगाळ सुरू झाली, मग स्वयंपाकघराला कुलूप लागलं, आणि शेवटी मारहाण. ज्या रात्री त्यानं आईच्या तोंडावर मारलं, त्याच रात्री मध्ये पडलेल्या बाबांना ढकलून दिलं. आईचा ओठ फाटला, बाबांचं मनगट सुजून आलं. मार एकाच हातचा, तरी कायद्यानं दोघांना दोन वेगळ्या दारांत उभं केलं. दोन्हीकडे मी त्यांच्यासोबत होते.

पोलिसांनी बाबांच्या तक्रारीची एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेतली. हाड मोडलेलं नव्हतं, म्हणजे साधी दुखापत, म्हणजे अदखलपात्र. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. प्रत हातात देताना हवालदार म्हणाले, "काका, पोटचा मुलगा आहे, घरात बसून मिटवा." आईला मात्र त्यांनीच संरक्षण अधिकाऱ्यांचं, म्हणजे घरगुती हिंसेत बायकांना मदत करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांचं, कार्यालय सांगितलं.

तिथल्या मॅडमनी डीआयआर, म्हणजे घरगुती हिंसेचा अहवाल भरून घेतला. २००५ च्या घरगुती हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाच्या कायद्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही. अहवालाच्या फॉर्ममध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे भाग असतात आणि प्रत्येकाखाली बारीकसारीक प्रकार छापलेले असतात. मॅडम एकेक वाचत होत्या. "घराचा एखादा भाग वापरू न देणे" हे आलं तेव्हा आई चमकून म्हणाली, "हेही लिहून घेतात?" स्वयंपाकघराच्या कुलपाबद्दल ती तोवर कुणाजवळ बोललीच नव्हती. त्या दुपारी ती पहिल्यांदा सगळं बोलली. कायदा काय करू शकतो ते मी तिथे पाहिलं. त्यामुळे हा कायदा मोडीत काढा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी कधीही उभी राहणार नाही.

पण शेजारच्या खुर्चीवर हाताला पट्टी बांधलेले बाबा बसले होते आणि त्यांच्यासाठी तो फॉर्म नव्हता. कायद्याच्या व्याख्येत पीडित व्यक्ती म्हणजे स्त्री. अठरा वर्षांखालचा मुलगा आईच्या अर्जातून संरक्षणात येतो, चौऱ्याहत्तर वर्षांचा बाप स्वतःचा अर्ज करू शकत नाही. प्रतिवादीच्या बाजूला हे असं राहिलेलं नाही. तिथे पूर्वी 'प्रौढ पुरुष' असे शब्द होते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं हरसोरा खटल्यात ते काढून टाकले, त्यामुळे आता स्त्रीविरुद्धही अर्ज करता येतो. म्हणजे मारणारं कोण हे विचारताना कायदा स्त्री-पुरुष बघत नाही, मार खाणारं कोण हे विचारताना बघतो. बाबांना हे समजावून सांगताना मला शब्द सुचेनात. ते एवढंच म्हणाले, "तुझ्या आईचं आधी होऊ दे."

आईला तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळाल्या. स्त्रीसाठी त्याला उत्पन्नाची अट नाही. या वकीलबाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी कलम १८ उघडून दाखवलं. संरक्षण आदेशात पीडितेच्या नातेवाइकांवर किंवा तिला मदत करणाऱ्यांवर हिंसा करायलाही मनाई करता येते. त्यांनी अर्जात बाबांचं नाव, त्यांच्या दुखापतीचा दाखला आणि एनसीची प्रत घातली, आणि बाबांसाठीही मनाई मागितली.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात समन्स बजावलं जाईना, भाऊ तारखा मागत राहिला, आणि आई-बाबा तोवर माझ्या घरी राहिले. अंतरिम आदेश आला तेव्हा त्यात दोघांवरही हिंसा करायला मनाई होती आणि भावानं घर सोडावं असंही होतं. असा आदेश मोडला तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा होतो. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जिथे बाबांच्या मनगटाची नुसती एनसी झाली होती, तिथे आता पोलिसांना लगेच यावं लागणार होतं.

वहिनी घरातच राहिली. स्त्रीला घराबाहेर काढण्याचा आदेश या कायद्याखाली देता येत नाही. आमची तशी मागणीही नव्हती. तिनंही मार खाल्लेला होता, तिच्या गालावरचे वळ मी स्वतः पाहिलेत. काही नातेवाईक म्हणाले, हा बायकांचा एकतर्फी फायदा. मला तसं वाटत नाही. नवऱ्याच्या चुकीपायी तिनं मुलांना घेऊन कुठे जायचं होतं?

मला छळतं ते दुसरंच. बाबांचं संरक्षण आईच्या अर्जाला लोंबकळतंय. आई आधी गेली असती, किंवा मुलाच्या मायेपोटी अर्ज करायला तयार झाली नसती, तर बाबांच्या हाती काय होतं? २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा होता, आणि आम्ही तोही अर्ज केला. तिथे न्यायाधिकरण म्हणजे प्रांत अधिकारी. बाबा स्वतः बोलले, चांगले बोलले. पण तो कायदा मुख्यतः निर्वाहभत्त्याचा, महिना कमाल दहा हजारांपर्यंत. बाबांना पेन्शन आहे. त्यांना पैसा नको होता, मुलाचा हात आवरायला हवा होता.

समुपदेशन केंद्रातल्या एका ताईंशी मी यावर खूप वाद घातला. त्यांचं म्हणणं, 'स्त्री' हा शब्द काढून 'कुणीही' घातलं की बायकोला मारणारा नवरा दुसऱ्याच दिवशी हातावरचा ओरखडा दाखवून उलटा अर्ज करील, आणि तारखांना दोघं पीडित म्हणून उभी राहतील. ही भीती खरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. हा आकडा समोर असताना नवरा-बायकोच्या बाबतीत घाईनं शब्द बदलावेत असं मी म्हणणार नाही. मात्र बायकोच्या हातून खरोखर मार खाणाऱ्या पुरुषाचं काय, याला ताईंकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. पण म्हाताऱ्या बापाला, अपंग भावाला अर्जदार होऊ दिलं तर कुठल्या बायकोचं संरक्षण कमी होतं? ताई या प्रश्नावर थांबल्या आणि म्हणाल्या, "एवढं मात्र मागायला हवं." मी ते मागते आहे.

आईचा मूळ अर्ज अजून चालू आहे. तुमच्या घरी असंच असेल तर मारहाणीनंतर वडिलांनाही लगेच सरकारी दवाखान्यात नेऊन दाखला घ्या, एनसीला क्षुल्लक समजू नका, आणि आईच्या अर्जात वडिलांचं नाव व कलम १८ ची मागणी स्पष्ट लिहिली आहे का ते सही करण्याआधी वकिलांना विचारा.