भाचीच्या स्वागत समारंभाची सजावट

रविवार, रात्री उशिरा.

भाचीचा स्वागत समारंभ नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका लॉनवर ठरला आहे, आणि सजावट शक्य तितकी घरीच हाताने करायची, असे तिने आणि होणाऱ्या जावईबापूंनी परस्पर ठरवून टाकले आहे. ठरवणारे दोघे आणि राबणारे आम्ही सगळे असा हा प्रकार असला तरी तक्रार कोणाचीच नाही. सध्या बैठकीच्या खोलीत क्रेप कागद, घोटीव कागद, सुतळी, कामट्या आणि कापूस यांच्यामधून वाट काढत चालावे लागते.

आज सकाळी लॉन पाहून आलो. व्यासपीठ एवढे लांबरुंद आहे आणि त्यावर समोरून इतका प्रखर उजेड असतो की, तिथे आमच्या कागदी फुलांचा निभाव लागणार नाही. त्या उजेडात लांबून पाहणाऱ्याला हाताने केलेले फूल आणि प्लॅस्टिकचे फूल सारखेच दिसते. हाताचे काम जवळून पाहायचे असते. रुखवत म्हणूनच टेबलावर मांडतात आणि बायका त्यावर वाकून, एकेक वस्तू न्याहाळत पुढे सरकतात. माझे म्हणणे मी ताईला स्पष्ट सांगितले: व्यासपीठ फुलवाल्यावर सोपवावे, झेंडू-शेवंती आणि जानोरी-मोहाडीकडचे गुलाब यांनी ते भरून जाईल. आपले काम मांडावे ते नवरा-नवरीला भेटायला थांबलेल्या पाहुण्यांच्या रांगेलगत, कारण आहेराचे पाकीट हातात धरून ताटकळणाऱ्या माणसाकडे बघायला वेळच वेळ असतो. ताईला हे पटले. भाऊजींना अजून व्यासपीठाचाच मोह आहे.

मार्गशीर्षातली संध्याकाळ, त्यात उघडे लॉन, म्हणजे दव पडणारच. क्रेप कागद दवाने मऊ पडतो आणि त्याचा रंग खाली अंथरलेल्या कापडावर उतरतो. त्यामुळे कागदाचे सारे काम छताखाली आणि उघड्यावर फक्त कापडी तोरणे, अशी विभागणी केली आहे. तोरणांसाठी आईने जुन्या साड्यांचे काठ उसवून दिले, त्यात तिच्या एका विरलेल्या येवल्याच्या पैठणीचा नारळी काठही आहे. तो कापताना माझीच कात्री अडखळत होती, आई मात्र शांतपणे पुढचा काठ उसवत बसली होती.

दुपारभर पाकळ्या केल्या. क्रेप कागदावरच्या बारीक चुण्या पाकळीच्या उभ्या अंगाने जातील अशा बेताने कागद कापावा लागतो; मग दोन्ही अंगठे मध्यावर टेकवून हलकेच आडवे ताणले की पाकळीला खोलगटपणा येतो, आणि वरची कड बोटाने मागे वळवली की गुलाब खरा वाटू लागतो. चुण्या आडव्या आल्या तर पाकळी नुसती लांबते, खोलगट होत नाही. पताका चिकटवायला बाजारचा डिंक न आणता मैद्याची खळ शिजवली आणि तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातले. ते विषारी असल्याने खळीचे पातेले वेगळे ठेवले आहे आणि मुलांना त्याच्या जवळपास फिरकू दिलेले नाही.

प्रवेशद्वारावरच्या गेरूच्या रंगाच्या फलकावर वारली चित्र काढायचे आहे. भाचीला लग्नाचा चौक हवा होता. ‘मावशी, लग्नाचंच चित्र आहे ना ते?’ असा तिचा बिनतोड प्रश्न. पण वारली लग्नात तो चौक सवाशिणी घराच्या भिंतीवर काढतात आणि त्याच्या मधोमध पालघट देवी असते. तो त्यांच्या विधीचा भाग आहे. पाहुण्यांनी पुढे उभे राहून फोटो काढावेत म्हणून तो रंगवणे मला प्रशस्त वाटत नाही. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे काढावे, यावर शेवटी एकमत झाले. आईचेही असेच काहीसे आहे. कापूस ओढून, ठरावीक अंतरावर चिमटीत पीळ देऊन आणि त्या पिळावर ओले कुंकू लावून ती गेजवस्त्रे करते आहे. पण ती फक्त प्रवेशद्वाराशी ठेवलेल्या गणपतीसाठी, खांबांना गुंडाळायला एकही देणार नाही, असे तिने आधीच बजावले आहे.

राहता राहिली वधूवरांच्या नावांची अक्षरे. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी असूनही मंडपवाल्याने थर्माकोलचीच अक्षरे सुचवली. आम्ही जाड पुठ्ठ्याची अक्षरे कापून त्यावर सुतळी गुंडाळणार आहोत. नाव आधी कोणाचे घ्यायचे याचा निकाल दोघांनी लावावा. मला फक्त घरातले लाडके नाव घालायचे की पत्रिकेतले, एवढे मंगळवारपर्यंत कळले पाहिजे, कारण पत्रिकेतल्या नावाला पुठ्ठा कमी पडतो.