सहाव्या होलवरची टिटवी

कन्व्हेयर बेल्टचे सांधे जोडणं हा माझा धंदा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना-राजुऱ्याकडच्या चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने ही माझी गिऱ्हाईकं. त्यातल्या एका कारखान्याच्या वसाहतीमागे नऊ होलचं गोल्फचं मैदान आहे. मार्चअखेरीस, वर्षाच्या कंत्राटांची बोलणी सुरू होतात त्या सुमारास, तिथे पुरवठादारांना खेळायला बोलावतात. मला जायची इच्छा नव्हती. खेळ महाग, सकाळ खाणारा, आपल्या भागात त्याचं काय काम, असं माझं मत होतं. पण मेकॅनिकलच्या साहेबांनी स्वतः फोन करून चौघांच्या संघात माझं नाव घातलं, तेव्हा नाही म्हणायला जागा उरली नाही. जायचंच तर नीट शिकून जावं म्हणून आधीचे काही आठवडे पहाटे मैदानावर जात होतो. शिकवायला तिथले माळीकाका होते. माती, पाणी, वारा आणि चेंडू या चारही गोष्टी त्यांच्याइतक्या जाणणारा माणूस त्या दिवशी मैदानावर दुसरा नव्हता.

गोल्फबद्दल जे छापलेलं आणि दाखवलेलं मिळतं ते बहुतेक हिरवळीवरच्या खेळाचं. आमच्याकडे डिसेंबरनंतर फेअरवे, म्हणजे होलकडे जाणारा मोकळा पट्टा, पिवळा पडतो आणि मार्चपर्यंत त्यावर गवताची नुसती मुळं उरतात. खाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. गोल्फचा चेंडू किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे साधारण सव्वाचार सेंटिमीटर. तीन बोटं रुंद भेग त्याला सहज गिळते. नियमाप्रमाणे जमिनीची नैसर्गिक भेग ही सूट मिळण्याजोगी अडचण धरली जात नाही. आयोजकांनी तसा स्थानिक नियम केला तरच दंडाशिवाय चेंडू उचलता येतो. तो केला आहे का, हे गुण मांडायच्या कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. नव्या माणसाने कार्डाची ती बाजू आधी वाचावी. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच मिळायची. भेगेत गेलेला चेंडू तीन मिनिटांत सापडला नाही तर एका फटक्याचा दंड घेऊन मूळ जागेवरून पुन्हा मारावा लागतो.

कडक जमिनीवर फटका कसा बसतो हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. हिरवळीवर क्लब, म्हणजे मारायची काठी, चेंडूच्या थोडा मागे टेकला तरी गवत सांभाळून घेतं. वाळलेल्या काळ्या मातीवर तो क्लब उसळतो, त्याची कड चेंडूच्या मध्यावर लागते आणि चेंडू उठण्याऐवजी जमिनीलगत सुसाट निघतो. मनगटाला झटका बसतो तो वेगळा. म्हणून आधी चेंडू, मग माती, हा क्रम चुकवून चालत नाही. त्यासाठी चेंडू दोन पायांच्या मध्यापेक्षा किंचित मागे ठेवायचा, निम्म्याहून थोडं जास्त वजन पुढच्या पायावर घ्यायचं आणि हात चेंडूच्या पुढे राखायचे. फटका पूर्ण ताकदीचा नको, पाऊण पुरे. माळीकाकांचं सांगणं एकच असायचं, "भाऊ, मातीले नका मारू, चेंडूले मारा. माती आपोआप लागते."

क्लब चौदापर्यंत बाळगता येतात, पण नवशिक्याला तेवढे लागत नाहीत. एक हायब्रिड, सात नंबरची आयर्न, नऊ नंबरची, एक पिचिंग वेज आणि होलजवळ चेंडू घरंगळवायचा पटर एवढ्यावर पूर्ण खेळ होतो. सँड वेज मी पिशवीतूनच काढून टाकली. तिचा तळ जाड आणि फुगीर असतो, वाळूत सरकावा म्हणून. कडक जमिनीवर तोच तळ आधी आपटतो आणि कड वर उचलली जाते. होलच्या जवळ आल्यावर चेंडू उंच उडवायचा मोह होतो. त्या मातीवर नऊ नंबरने छोटा फटका मारून तो आधीच टेकवावा आणि घरंगळू द्यावा, तेच भरवशाचं.

ग्रीन, म्हणजे होलभोवतीची सपाट जागा, तीही इथे हिरवी नसते. त्याला ब्राऊन म्हणतात. दाबलेल्या मुरमाचा गोल ओटा, त्यावर चाळलेल्या बारीक वाळूचा पातळ थर. अशा ब्राऊनवर वाळू वाऱ्याने उडू नये म्हणून जळकं इंजिन ऑइल मिसळायची जुनी पद्धत आहे. जळकं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं, शिवाय पहिल्या पावसात ते शेजारच्या नाल्यात उतरतं, म्हणून या मैदानावर ते बंद केलंय. आता पहाटे पाण्याचा हलका फवारा मारतात. त्यामुळे सकाळी सातला ब्राऊन ओलसर आणि संथ असतो. साडेनऊपर्यंत तोच कोरडा होऊन वाळू सुटी होते, तेव्हा चेंडू आणखी अडखळतो आणि पट, म्हणजे पटरचा फटका, जास्त जोराने मारावा लागतो. पट मारण्याआधी फळीला दांडा लावलेलं एक ओढणं असतं, त्याने चेंडूपासून होलपर्यंतची पट्टी सपाट करतात. स्थानिक नियमाने चेंडू तेवढ्याच अंतरावर त्या पट्टीवर ठेवता येतो. ओढणं होलपासून बाहेर, एका दमात ओढायचं. मध्ये थांबलात की तिथे वाळूची वरंबी उभी राहते आणि चेंडू तिच्यावर अडतो. होल १०८ मिलिमीटरचं. ऐकायला ऐसपैस वाटतं, पण त्याच्या काठाला वाळू साचली असेल तर आत जाणारा चेंडूही वळसा घेऊन बाहेर थांबतो. म्हणून काठ हाताने साफ करून घ्यावा.

स्पर्धा स्क्रॅम्बल पद्धतीची होती. चौघांनी टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारायचं, सगळ्यात चांगला चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका चौघांनी तिथून मारायचा. नऊ होलमध्ये प्रत्येकाचा किमान एक टी-शॉट वापरला गेलाच पाहिजे, अशी अट होती. कामासाठी खेळणाऱ्या नव्या माणसाला ही पद्धत सोयीची, पण तिच्यातही क्रम असतो. टीवर नवशिक्याने आधी मारावं, सरळ आणि आखूड. एक चेंडू खेळात आला की लांब मारणाऱ्यांना मोकळीक मिळते. ब्राऊनवरही त्यानेच आधी पट मारावा, म्हणजे बाकीच्यांना वाळूचा वेग आणि उतार दिसतो. आमच्या संघात मेकॅनिकलचे साहेब, खाणीतून निवृत्त झालेले एक व्यवस्थापक आणि एक बँक मॅनेजर होते. बँक मॅनेजर डावखुरे. हे नमूद करतोय कारण पुढे त्यावरच बरंच अवलंबून राहिलं.

पाचव्या होलपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही.

सहावं होल चार पारचं, म्हणजे चार फटक्यांत पूर्ण व्हावं असं. उजवीकडे बाभळी, डावीकडे खाणीच्या मातीचा जुना ढिगारा. साहेबांचा चेंडू बाभळीत, निवृत्त व्यवस्थापकांचा ढिगाऱ्यावर, डावखुऱ्यांचा पांढऱ्या खुंट्यांच्या पलीकडे, म्हणजे हद्दीबाहेर. माझा तेवढा फेअरवेच्या मध्याला, होलपासून शंभरेक मीटरवर. आम्ही जवळ पोचलो तशी दोन टिटव्या ओरडत डोक्यावरून झेपावू लागल्या. एक पुढे जाऊन पंख मोडल्यासारखा पसरून लंगडू लागली. माळीकाका मागून पळत आले.

"साहेब, थांबा जी. पुढं पाय नका देऊ. अंडे हायेत तिथं."

कुणालाच दिसेनात. त्यांनी वाकून बोट दाखवलं तेव्हा चेंडूपासून वीतभर अंतरावर, ढेकळांच्या मधल्या उथळ खळग्यात, मातीच्याच रंगाची, काळे ठिपके असलेली चार अंडी दिसली. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर खळगा करून, खडे लावून अंडी घालते. टोकं आत आणि रुंद बाजू बाहेर अशी ती मांडलेली असतात. नर-मादी आळीपाळीने साधारण चार आठवडे उबवतात. विदर्भाच्या उन्हात त्यांचं मोठं काम उबवण्यापेक्षा अंडी थंड ठेवण्याचं असतं. त्यासाठी ती डबक्यात पोटाची पिसं भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात. भर उन्हात पक्षी बराच वेळ अंड्यांपासून दूर राहिला तर आतला जीव वाचणं कठीण. आम्ही तिथे चर्चा करत उभं राहणं हाच खरा धोका होता, आणि माळीकाकांच्या आवाजातली घाई त्यासाठी होती. त्यांनी आम्हा सगळ्यांना आधी पंचवीसेक पावलं मागे घेतलं. बोलायचं ते तिथे बोलायचं.

साहेबांचा पहिला प्रश्न रास्त होता. "चेंडू हलवला तर दंड लागतो ना? मग बाभळीतला घ्यायचा का?"

दंड लागत नाही. २०१९ च्या नियमांत 'दुरुस्तीखालची जमीन' या व्याख्येतच हे स्पष्ट लिहिलेलं आहे. फटक्याने किंवा उभं राहण्याने पक्ष्याच्या घरट्याला इजा होऊ शकत असेल, तर ती जागा खुंट्या किंवा रेषांनी आखलेली नसली तरी दुरुस्तीखालचीच धरायची. मग सूट कशी घ्यायची? घरट्याला इजा होणार नाही असा सगळ्यात जवळचा बिंदू शोधायचा, होलच्या जवळ न जाता. तिथून पटर सोडून पिशवीतल्या सगळ्यात लांब क्लबच्या एका लांबीच्या आत, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू टाकायचा. तो बाहेर घरंगळला तर पुन्हा टाकायचा. दुसऱ्यांदाही गेला तर दुसऱ्यांदा जिथे टेकला तिथे हाताने ठेवायचा. नियमांचं पुस्तक मी रात्री वाचून आलो होतो, ते इथे उपयोगी पडलं.

पण तो बिंदू खेळणाऱ्याच्या उभं राहण्यावर ठरतो. उजवा माणूस चेंडूच्या एका बाजूला उभा राहतो, डावखुरा दुसऱ्या. माझ्यासाठी काढलेल्या जागेवर बँक मॅनेजर उभे राहिले असते तर त्यांची टाच खळग्याच्या बाजूला गेली असती. शिवाय चौघे तिथून मारणार, म्हणजे चौघांची ये-जा आणि चौघांनी उडवलेली ढेकळं. म्हणून आम्ही आयोजकांपैकी एकाला बोलावलं आणि त्यांच्या संमतीने मागे, बाभळींच्या बाजूला सरकलो, जिथे दोन्ही बाजूंनी उभं राहिलं तरी अंडी लांब राहतील. त्यात आमचं पंधरा मीटर अंतर गेलं आणि जमीन आणखी टणक मिळाली. साहेबांनी हूं की चूं केलं नाही. सात नंबरने त्यांनी मारलेला फटका ब्राऊनच्या अलीकडे टेकून काठापर्यंत घरंगळला. दोन पटमध्ये चार पूर्ण झाले.

मागून येणाऱ्या संघांसाठी काकांनी चार निळ्या खुंट्या रोवून सुतळी बांधली, खळग्यापासून चांगली पाच-सहा पावलं सोडून. खुंट्या ठोकताना त्यांनी हातोडा वापरला नाही, भेगांतच खोचल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटं विस्कटण्यापर्यंत जाते, हेही मी आयोजकांना सांगितलं. दुपारी सूचना फलकावर स्थानिक नियम लागला: सुतळीच्या आत गेलेला चेंडू आणायला जायचं नाही, दुसरा घ्यायचा, दंड नाही. आमच्याकडे टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जास्त, सखलात घातली की कमी, असं म्हणतात. निवृत्त व्यवस्थापक तो खळगा उंचवट्यावर धरायचा की सखलात, यावर सातव्या होलपर्यंत बोलत होते.

कंत्राटाचं बोलणं मैदानावर मी काढलं नाही, आणि कुणी काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चालताना माणूस घराबद्दल, पावसाबद्दल, मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलतो. समोरचा क्लब हातात घेऊन उभा असेल तेव्हा गप्प राहावं. त्याच्या चेंडूच्या आणि होलच्या मधल्या रेषेवर पाय देऊ नये, सावलीही पडू देऊ नये. चेंडू माणसांच्या दिशेने गेला तर संकोच न करता जोरात "फोर!" ओरडावं. आपली पाळी आली की चाळीस सेकंदांच्या आत मारावं. साहेब लोक फटक्याच्या लांबीपेक्षा या गोष्टी जास्त पाहतात, आणि ते योग्यच आहे. शटडाऊनच्या, म्हणजे कारखाना थांबवून करायच्या दुरुस्तीच्या, कामातही माणूस याच गोष्टींवरून कळतो.

गाड्यांपाशी बूट बदलताना साहेबांनीच विषय काढला. क्रशरच्या बेल्टचा सांधा दोन-अडीच महिन्यांत कडेने उघडतोय, असं का? मी विचारलं, जोडताना तंबू लावता का? लावत नव्हते. गरम सांध्यात साधारण १४५ अंश तापमान आणि दाब दोन्ही बरोबर असले, तरी रबर सोल्यूशनचा पहिला हात वाळत असताना त्यावर चुनखडीची धूळ बसली की दुसरा हात धुळीला चिकटतो, रबराला नाही. उघडायला सुरुवात कडेनेच होते, कारण तिथे रोलरचा पीळ बसतो. तंबू, दोन्ही पृष्ठभाग घासून सॉल्व्हंटने पुसणं, आणि दोन हातांच्या मध्ये बोट लावून चिकटपणा पाहणं, या तीन गोष्टी आधी पाळून पाहा, असं सांगितलं. सोमवारी आठ वाजता क्रशरवर भेटायचं ठरलं. उघडलेल्या सांध्याचा कापलेला तुकडा भंगारात टाकला असेल तर तो तेवढा शोधून ठेवायला सांगितला.