स्टार की डेल्टा: पाच नंबरच्या कॉइलने रविवार खाल्ला

गच्चीवरच्या पवनचक्कीसाठी घरीच जनरेटर बनवतोय. मागच्या वेळी लिहिलं होतं, त्याच्या नऊही कॉइल साच्यातून निघाल्या, आता फक्त रेझिन ओतायचं. त्या ‘फक्त’पाशीच माशी शिंकली.

तीन-तीन कॉइलची एक, अशा तीन फेज होतात. त्या टोकाला टोक जोडून बंद त्रिकोण केला की डेल्टा, तिघींचं एकेक टोक एकत्र बांधलं की स्टार. ओतण्याआधी सहज डेल्टा जोडून पाहिला. काही लोड नाही, तरी रोटर (चुंबकांचा फिरणारा भाग) हाताला असा जड लागला की बेअरिंगच गेलं वाटलं. ड्रिल लावलं तर तेही कण्हायला लागलं आणि दोन मिनिटांत कॉइल कोमट. डेल्टा सोडवला, रोटर पुन्हा हलका. म्हणजे बेअरिंग निर्दोष. करंट आतल्या आत फिरत होता.

मग एकेक फेज वेगळी मोजली. ३०० आरपीएमला (मिनिटाला ३०० फेरे) १-४-७ वर ९.१ व्होल्ट, ३-६-९ वर ९.०, आणि २-५-८ वर ३.०! बरोब्बर एक तृतीयांश. तीनातली एक उलटी असली की दोघींतली एक तिच्यात खर्ची पडते, उरते एक. (हाताने फिरवून एसी मोजू नका. १२ पोलांना ६० आरपीएमला जेमतेम ६ हर्ट्झ मिळतात, साधा मीटर काहीही दाखवतो.) पेन्सिल सेल आणि मुलाच्या कंपासपेटीतलं होकायंत्र घेऊन नऊही तपासल्या. पाच नंबरवर सुई गर्रकन उलटी फिरली. सुरुवातीच्या टोकाला लाल स्लीव्ह मीच घातली होती, कॉइल मात्र पालथी ठेवली.

टोकं बदलली. ९.०! रात्री साडेअकराला एकटाच हसलो.

तरी डेल्टात किंचित ओढ उरलीच. कॉइल अगदी जुळ्या नसतात, शिवाय तिसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेची लहर) त्या बंद वेटोळ्यात फिरत राहतो. स्टारमध्ये ही कटकटच नाही. १२.६ व्होल्टच्या बॅटरीला डायोडचा ड्रॉप (त्यांतच खर्च होणारे व्होल्ट) धरून स्टार साधारण १९० आरपीएमला चार्जिंग सुरू करतो, डेल्टाला ३३० लागतात. माझ्या सहा फूट व्यासाच्या पात्यांना टीएसआर (टोकाचा वेग भागिले वाऱ्याचा वेग) ६ धरला तर वारा अनुक्रमे ३ आणि ५.२ मीटर प्रतिसेकंद हवा. पावसाळा सोडला तर आमच्या दादरच्या गच्चीवर, चहूकडे टॉवर असताना, ५.२ नियमित कुठून आणायचा? म्हणून स्टार. बाहेर जाणारा लाइन करंट तेवढाच असताना स्टारमध्ये तांब्यातला लॉस (उष्णतेत वाया जाणारी वीज) डेल्टाच्या तिप्पट, हे मान्य.

स्टार पॉइंट, म्हणजे तिन्ही फेजचा सांधा, रेझिनमध्ये गाडणार होतो. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, सहाही टोकं बाहेर काढावीत. जून-जुलैत वारा सुटला की खालूनच डेल्टा करता येईल. प्रत्येक फेजला वेगळा ब्रिज (एसीचा डीसी करणारे डायोड) लावायचंही डोक्यात आलं होतं. आत फिरणारा करंट थांबेल, पण डीसी बाजू पॅरलल जोडली तर सुरुवात डेल्टाइतकीच उशिरा. बाद.

तांब्याची तार लोहार चाळीच्या बाजारातली, वजनावर घेतलेली, उत्तम निघाली. ऑनलाइन मागवलेलं रीळ ब्लेडने खरवडलं तर आत पांढरं ॲल्युमिनियम. ते परत पाठवलं. आता टर्मिनल पट्टी हवी, घरातली १० अँपिअरची पुरणार नाही. शनिवारी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फेरी मारतो. तोवर रेझिनचा डबा बंदच.