स्लेप्ट वेल

रात्रीचे सव्वादोन वाजले. नर्सची सतरा वर्षं नाइट ड्युटी केल्यावर या टायमाला डोळा लागतच नाही, टेम्परेचर घ्यायची वेळ झाली म्हणून आतूनच कोणीतरी उठवते. ह्यांचं घोरणं चालू आहे, आत्याबाई आतल्या खोलीत. दवाखान्यातून घरी येऊन पाच दिवस झाले. कमरेवरची खपली आज आंघोळ करताना निघाली आणि मोरीतून वाहून गेली, मग उगीचच वाटलं की ठेवायला पाहिजे होती, नव्या पोरींना दाखवायला.

तर झालं असं. पोळ्याच्या दहाबारा दिवस आधी सुट्टी होती म्हणून वावरात गेली होती. सोयाबीन कमरेएवढं झालेलं, धुऱ्यावर गवत माजलेलं, बैलांसाठी दोन भारे कापले, तिथंच बसून भाकर खाल्ली, आणि हो, वावरात काय बाथरूम असते का, धुऱ्याच्या आडच बसावं लागते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरगा लाकडाचा नंदी घेऊन गावभर फिरत होता आणि मला थंडी वाजून आली. 102. मी काय केलं? थर्मामीटर झटकला आणि परत लावला. परत 102. म्हटलं थर्मामीटरच खराब आहे.

पुढचे चार दिवस मी ड्युटी केली. डोलो 650 घ्यायची, दोन तास बरं वाटायचं, तेवढ्यात इंजेक्शनचा राउंड उरकायची, परत अंग तापायचं. कपाटात अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप पडली होती तीपण घेतली, कोणी सांगितलं नाही, मीच माझी डॉक्टर. हेच एखाद्या कास्तकारानं केलं असतं तर मी काय बोलली असती ते आमच्या वॉर्डातल्या कोणालाही विचारा. "काहून मेडिकलवाल्याच्या मनानं गोळ्या खाता बाप्पा, शरीर तुमचं का त्याचं?" हे माझं ठरलेलं वाक्य आहे. सोबतच्या सिस्टरनं पाचव्या दिवशी माझा हात धरला आणि काही न बोलता मला बेडवर नेऊन बसवलं. आमच्याच ग्रामीण रुग्णालयात, तीस बेडपैकी बेड नंबर आठ, जिथली चादर मी सकाळीच बदलायला लावली होती.

पेशंट झालेली नर्स म्हणजे काय असते हे आजपर्यंत मी बाहेरून पाहिलं होतं. एक तर ती उशिरा येते, दुसरं म्हणजे आल्यावर झोपत नाही. मला सलाईनची सुई, गुलाबी इंट्राकॅथ, लावायला घेतलं तर मी म्हटलं बारीकवालं निळं लाव, माझ्या व्हेन बारीक आहेत, मग म्हटलं तिथं नको मनगटाच्या वर घे, मग म्हटलं टूर्निकेटचा पट्टा सैल आहे. पोरगी नवी होती, तिचा हात थरथरायला लागला, आणि पहिला प्रिक फुकट गेला तो माझ्यामुळे. दुसऱ्या वेळी मी तोंड भिंतीकडे केलं, तेव्हा एका झटक्यात लागलं.

त्या सलाईनचं तर विचारूच नका. आमचा सेट वीस थेंबाला एक एमएल, म्हणजे पाचशेची बाटली किती थेंबांनी किती वेळात संपते हे मला झोपेतही सांगता येते, मग पडल्या पडल्या थेंब मोजायची आणि स्लो वाटलं की नळीवरचं थेंब कमीजास्त करायचं चक्र, रोलर, हळूच फिरवायची. बाजूच्या नऊ नंबरवर एक म्हातारी होती, दम्याची, छातीत पाणी, तिची सलाईन मुद्दाम हळू ठेवलेली. संध्याकाळी पाहते तर बाटली अर्ध्याच्या वर रिकामी आणि म्हातारी बसून धापा टाकते. धावाधाव झाली, सलाईन बंद, अंगातलं पाणी लघवीवाटे काढायला लॅसिक्स, ऑक्सिजन, तासाभरानं श्वास जाग्यावर आला. सिस्टरनं विचारलं हे चक्र कोणी फिरवलं, तर म्हातारी माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "त्या शिस्टरबाईनं आपलं फिरवलं ना, मले वाटलं फिरवाच लागते." त्यानंतर मी रोलरला हात लावला नाही. त्या रात्री तिच्या प्रत्येक श्वासाकडे माझे कान होते.

प्लेटलेट 88 हजारांवर उतरल्या, लिव्हरचे आकडे वाढलेले, डोकं फुटेस्तोवर दुखणं, सगळ्यांना वाटलं डेंग्यू. डेंग्यूची एनएसवन टेस्ट निगेटिव्ह आली तरी डेंग्यूच वाटला, कारण ताप येऊन पाचसहा दिवस झाल्यावर ती निगेटिव्ह येऊ शकते. सोबत म्हणून सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक चालू केलं. दोन दिवस झाले, ताप जागचा हलेना.

आता इथं खरी गोष्ट आहे आणि ती लिहायला मला जरा लाजच वाटून राहिली. आमचे मेडिकल ऑफिसर तरुण आहेत, चांगले आहेत, इथं पहिली डिलिव्हरी केली तेव्हा माझ्याच बाजूला उभे होते, मला मान देतात. तो मानच नडला. दुसरी कोणी बाई तापानं आली असती तर त्यांनी सिस्टरला सोबत घेऊन पडदा लावून डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं असतं, काखेत, कमरेला, जांघेत. मला त्यांनी विचारलं, "सिस्टर, अंगावर कुठं काही रॅश, जखम?" मी म्हटलं नाही सर. संपलं. पोट दाबलं ते गाऊनवरून, छाती ऐकली ती गाऊनवरून. सिस्टर म्हणते नाही, म्हणजे नाहीच असणार ना. आणि मी काही खोटं बोलली नव्हती हो. कमरेला डाव्या बाजूनं काळं काहीतरी झालंय हे मला आंघोळ करताना दिसलं होतं, पण परकराच्या नाडीची गाठ बरोबर तिथंच येते, साडी नेसणाऱ्या बायकांच्या कमरेला काळा पट्टा असतोच, मला वाटलं नाडीचा काच पडला. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं.

2018 मध्ये नागपूरकडे स्क्रब टायफसची साथ आली होती तेव्हा आम्हाला ट्रेनिंग दिलं होतं, प्रोजेक्टरवर फोटो दाखवले होते, सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली, कडेनं लालसर. मी वहीत लिहून घेतलं होतं. गवतात झुडपात बारीक लाल किडा असतो, त्याची अळी चावते, इतकी बारीक की दिसत नाही, साधारण सहा दिवसांपासून तीन आठवड्यांत कधीही ताप येतो, खपली बहुतेक झाकलेल्या जागी असते, ती पेशंटला माहीत नसते म्हणून आपणच शोधायची. आपणच शोधायची या शब्दांखाली मी पेनानं दोन रेघा मारल्या होत्या.

शोधली मावशीनं. आमच्या वॉर्डातल्या मावशी चौथी पास असतील नसतील. तिसऱ्या दिवशी सकाळी घामानं गाऊन ओला झाला होता तो बदलायला आल्या, मी म्हटलं मी करते मावशी, तर म्हणे "चूप बसा वं, दुसऱ्याइचं करता तेव्हा लाज नाई वाटत, आता कायची लाज." गाऊन वर केला आणि थांबल्या. "शिस्टर, हे काय होय कमरीले? उदबत्तीचा चटका घेतला का काई?"

मी वाकून पाहिलं. गोल, काळी, कडेनं लाल. तीन दिवस सगळा स्टाफ बेड नंबर आठला येऊन जात होता.

स्क्रब टायफसच होता. त्याची गोळी डॉक्सीसायक्लिन 100, सकाळ संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला, असा उतरला की मला भूकच लागली आणि डब्यातली थंडी खिचडी मी बोटं चाटून खाल्ली. एवढी स्वस्त गोळी. आमच्याच स्टोअरमध्ये डब्बे भरून पडलेली. डॉक्टरांचा चेहरा उतरला होता, सॉरी सिस्टर म्हटलं त्यांनी, मी म्हटलं सर मीच नाही म्हणाली होती. दोघांचंही खरं होतं, आणि त्यात चूक माझी जास्त, असं मला वाटते.

एक गोष्ट आठवली. 12 मेला, नर्सेस डेला, मेणबत्ती घेऊन शपथ घेतो आपण, दिवा घेतलेल्या बाईचा फोटो, हार, पेढे. पण ती फ्लोरेन्स नाइटिंगेल बाई स्वतः किती आजारी होती हे कोणी भाषणात सांगत नाही. 1855 मध्ये क्रायमियाच्या युद्धावर असताना तिलाच ताप आला, मरता मरता वाचली, आणि घरी गेल्यावर कितीतरी वर्षं अंथरुणातूनच कामं केली. तिनंच लिहून ठेवलंय की पेशंटच्या खोलीत कुजबुजणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा, कारण पेशंटचे कान आपोआप तिकडेच लागतात. ट्यूटर मॅडमनं हे शिकवलं होतं तेव्हा मला ते जुन्या जमान्यातलं सोवळं वाटलं होतं. बेड नंबर आठच्या पायथ्याशी माझ्याच मैत्रिणी हळू आवाजात "प्लेटलेट... लिव्हर... रेफर..." म्हणत होत्या, मला सगळे शब्द कळतात हीच पंचाईत. न कळणाऱ्या पेशंटला निदान अर्धीच भीती वाटत असेल. की जास्त वाटते? कधी विचारलंच नाही कोणाला.

दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आदल्या दिवशी मी करू नये ते केलं, नर्सिंग स्टेशनवर कोणी नव्हतं तेव्हा स्वतःची फाइल उघडली. चारही रात्रींच्या रिपोर्टमध्ये एकच ओळ. पेशंट स्लेप्ट वेल, नो फ्रेश कंप्लेंट, म्हणजे चांगली झोपली, नवीन तक्रार नाही. झोपली कुठं होती मी? पहिल्या रात्री हाडं ठणकत होती, दुसऱ्या रात्री नऊ नंबरचा श्वास मोजत होती, तिसऱ्या रात्री रेफर करून मोठ्या दवाखान्यात पाठवलं तर पोराच्या परीक्षेचं काय हा विचार. पण नाइटची सिस्टर टॉर्च घेऊन आली की मी डोळे मिटून घ्यायची. बिचारी एकटी, तीस बेड, वरून एक डिलिव्हरी चालू, तिला कायले त्रास द्यायचा.

अक्षर ओळखीचं होतं, पण ओळ तर माझीच. सतरा वर्षं मीच लिहून राहिली ती, टॉर्च मारायची, डोळे मिटलेले दिसले की लिहायची. किती जणांनी माझ्यासाठी डोळे मिटले असतील कोणास ठाऊक. नऊ नंबरची म्हातारी तर नक्की, सकाळी ड्युटी बदलताना ओव्हर घेताना "रात्रभर चांगली झोपली" ऐकून ती माझ्याकडे पाहून बिनदातांचं हसली होती, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

सोमवारी जॉइन व्हायचं आहे. गुडघे अजून थोडे ठणकतात, पण ते कोणाला सांगितलं नाही.

मोबाइलच्या उजेडानं हे जागे झाले वाटते. "झोपली नाई का वं अजून?"

झोपली, झोपली.