मैनाची गाडी-नोंद: मागची सीट, आखूड पट्टा आणि ताम्हिणीची तयारी

मैना देशी कुत्री आहे. वय दोनच्या आसपास, वजन 18 किलो, पुढच्या पायांच्या मागून घेतलेला छातीचा घेर 62 सें.मी. गाडी सीएनजीवरची पाच दारांची हॅचबॅक. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी करत माणगावला उतरायचं आणि पुढे कोकणात जायचं, असा बेत आहे. काय पक्कं झालं, काय बदलावं लागलं आणि काय अजून उरलंय, ते या नोंदीत आहे.

प्रगती मोजायला आम्ही एकच माप धरलंय: कुत्र्याला गाडीला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यात ढील किती ठेवावी लागते. कुत्रं अस्वस्थ असलं की धडपडतं. ते बघवत नाही म्हणून माणूस पट्टा सैल करतो, आणि नेमकी ती ढीलच अपघातात जिवावर बेतते. म्हणून आखूड पट्ट्यात कुत्रं निवांत बसायला शिकलं, की त्याचं सुख आणि त्याची सुरक्षितता दोन्ही एकदम साधतात. बाकी सगळी खटपट त्यासाठीच.

जागा

सीएनजी गाडीत डिकीचा प्रश्न मुळात निकालात निघतो. तिथे सिलिंडर आहे, उरलेल्या फटीत क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, बसत नाही आणि हवाही खेळत नाही. पेट्रोल हॅचबॅकमध्येसुद्धा मागून धडक बसली की पहिला मार डिकीच खाते. शिवाय पार्सल ट्रे लावलेला असेल तर एसीचा वारा तिथवर पोचत नाही. सेडानच्या बंद डिकीचा तर विचारही करू नये. पुढची सीट एअरबॅगमुळे बाद. फुगताना ती एवढ्या जोरात येते की समोर बसलेल्या कुत्र्याची मान किंवा छाती जायबंदी होऊ शकते. मांडीवर बसवणं हा सगळ्यात वाईट प्रकार, मग मांडी चालवणाऱ्याची असो की शेजारच्याची.

उरली मागची सीट. चालकाच्या मागची जागा टाळून डावीकडची घेतली, म्हणजे उतरताना दार फुटपाथच्या बाजूला उघडतं. चाइल्ड लॉक चालू, काचांची बटणं पुढून बंद. पंजाचा भार पडून काच खाली गेल्याचे प्रकार सर्रास होतात.

सीटवर नुसती सतरंजी टाकली तर ती रेक्झिनवरून सरकते आणि पायाखालचं हलायला लागलं की कुत्रं आडवं होतच नाही. आता रचना अशी आहे: खाली जाळीदार रबरी मॅट, वर वॉटरप्रूफ कव्हर, त्यावर जुनी गोधडी, कडा सीटच्या खाचेत खोचलेल्या. झोळीसारखं हॅमक कव्हर लावलंय ते फक्त पाय ठेवायच्या खळग्यात पडू नये म्हणून. त्याने कुत्रं अपघातात रोखलं जात नाही. जाळीची खिडकी असलेलंच हॅमक घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकना मागे एसीचे झरोके नसतात आणि सलग कापडी हॅमक पुढून येणारा गारवा अडवतं.

हार्नेस

गळपट्ट्याला काहीही अडकवायचं नाही. झटका थेट मानेवर येतो. छाती-पाठीवरून घालायचा पट्ट्यांचा हार्नेस हवा, पण चालायला नेतो तो साधा हार्नेस गाडीत चालत नाही, कारण त्यात सगळा भार प्लॅस्टिकच्या क्लिपवर असतो. घेताना दुकानातच उलटून बघा. छातीवर रुंद, गादीची पट्टी हवी. भार सलग विणलेल्या पट्ट्यावरून जायला हवा, क्लिप फक्त घालायला-काढायला. शिलाई चौकोनात फुली अशी हवी, एकाच रेघेत मारलेली नको. कडी पोलादी आणि जोड न दिसणारी हवी. वाकवून टोकं नुसती जुळवलेली कडी ताण आला की उघडते.

पाकिटावर ‘क्रॅश टेस्टेड’ एवढंच छापलेलं असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. किती वजनाच्या पुतळ्यावर, किती वेगाने, हे लिहिलेलं असावं. अमेरिकेतल्या सेंटर फॉर पेट सेफ्टीने 2013 मध्ये सुबारू या मोटार कंपनीच्या मदतीने हार्नेस तपासले, तेव्हा संरक्षणाचे दावे करणारे बहुतेक हार्नेस नापास झाले होते.

घातल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं आडवी जावीत, तिसरं जाऊ नये. मैनाच्या काखेत घासल्याने केस विरळ दिसायला लागले होते. छातीची पट्टी दोन सें.मी. मागे घेतल्यावर थांबलं. देशी कुत्र्यांची छाती खोल आणि कंबर बारीक असते, त्यामुळे लॅब्राडोरच्या मापावर बेतलेले ‘मीडियम’ हार्नेस मागून निसटतात. वजनावर जाऊ नका, घेर मोजा.

ढील

ताशी 50 कि.मी. म्हणजे सेकंदाला 13.9 मीटर. समोरच्या धडकेत गाडी साधारण 0.1 सेकंदात थांबली असं धरलं, तर 18 किलोच्या कुत्र्याला रोखायला सरासरी 2500 न्यूटन बल लागतं, म्हणजे अडीचशे किलोंचा भार. हा हिशेब पट्टा आधीपासून ताठ असेल तर. 40 सें.मी. ढील असेल, तर पट्टा ताठ होईपर्यंत गाडी बरीच मंदावलेली असते आणि कुत्रं मूळ वेगानेच पुढे जात असतं. दोघांच्या वेगातला फरक तोवर ताशी 38 कि.मी. होतो. तेवढ्या वेगाचा हिसका छातीला बसतो, किंवा त्याआधीच तोंड पुढच्या सीटवर आदळतं. ढील 15 सें.मी.वर आणली की तोच फरक 23 होतो. 5 सें.मी.वर 13.

म्हणून बाजारातले 60-70 सें.मी.चे ‘डॉग सीट बेल्ट’ बाद. त्यांचं आणखी एक दुखणं म्हणजे जीभ, म्हणजे बकलमध्ये खोचायचं धातूचं टोक. सगळ्या गाड्यांच्या बकलमध्ये ती सारखी बसत नाही, ‘टक’ असा आवाज येतो पण पूर्ण अडकलेली नसते. अडकवल्यावर दोन्ही हातांनी हिसका देऊन बघायचंच. लाल बटण उघडं राहिलं तर कुत्र्याचा पंजा पडून ते सुटतं. रबरी ताणाच्या पट्ट्यांनाही हात लावू नका, कुत्रं त्यात पुढे फेकलं जाऊन उलटं मागे येतं.

गाडीचा मूळ सीट बेल्ट हार्नेसच्या पाठीवरच्या पट्टीतून ओवून बकल लावणं हा चांगला मार्ग आहे. अडचण अशी की हा बेल्ट फक्त झटक्याला अडतो. कुत्रं कूस बदलत राहिलं की तो हळूहळू बाहेर येत जातो आणि नकळत ढील वाढते. आमच्याकडे तेच होत होतं. मुलांच्या सीटसाठी मिळणारी इंग्रजी एचच्या आकाराची धातूची लॉकिंग क्लिप लावूनही सुधारणा होते, पण शेवटी आयसोफिक्स, म्हणजे मुलांची सीट अडकवायला गाडीतच दिलेले दांडे, वापरलं. सीटच्या पाठ आणि बैठकीच्या खाचेत बोटं घातली की 6 मि.मी. जाडीचे पोलादी दांडे लागतात, दोघांमध्ये 280 मि.मी. अंतर. त्याला स्क्रूने बंद होणारी कॅराबिनर (गिर्यारोहक वापरतात तसली कडी), तिच्यावर 22 केएन, म्हणजे 22 किलोन्यूटन, असं कोरलेलं, आणि तिथून 20 सें.मी.चा शिवलेला पट्टा हार्नेसच्या कडीपर्यंत. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तसली, काहीच न कोरलेली कॅराबिनर हातानेसुद्धा वाकते. आयसोफिक्सची मर्यादा सीट आणि मूल मिळून 33 किलोंची असते, ती ध्यानात ठेवावी.

आजची स्थिती: मैना उभी राहू शकते, बसते, वळून आडवी होते, नाक पुढच्या दोन सीटांच्या मध्ये पोचत नाही. बसलेली असताना ढील 12 सें.मी. सुरुवातीला उभ्या गाडीत 45 सें.मी. ठेवावी लागायची.

सवय

पायऱ्या अशा लावल्या. हार्नेस आधी घरात, जेवणाच्या वेळी. मग गाडी उभी, इंजिन बंद, दोन्ही दारं सताड उघडी, आणि जेवणाचं भांडं मागच्या सीटवर. मग तेच, दारं बंद करून. मग पट्टा अडकवून, चघळायला काही देऊन दहा मिनिटं. मग इंजिन आणि एसी, गाडी जागची हलवायची नाही. मग सोसायटीत एक चक्कर, शेजारी ओळखीचा माणूस. मग पौड रस्त्यावरची रहदारी, सिग्नल, हॉर्न. मग पिरंगुटचा छोटा घाट. ताम्हिणी शेवटी.

पुढची पायरी कधी घ्यायची हे कुत्र्याच्या खाण्यावरून ठरवलं. घरात ज्या घाईने घास उचलते तसाच गाडीत उचलला तर पुढे. तोंडात घेऊन टाकला, किंवा बघितलंच नाही, तर एक पायरी मागे. नाकावरून वारंवार जीभ फिरवणं, एकामागून एक जांभया, मागे दाबलेले कान, हे सगळ्यांना दिसतं. सहसा नजरेतून सुटतो तो पंजांचा घाम. रेक्झिनवर ओलसर, पाकळीसारखे ठसे उमटतात आणि मिनिटभरात वाळतात. कुत्रं गप्प बसलंय, पण हे ठसे दिसतायत, तर ते निवांत नाही, घाबरून थिजलंय. उलट मागचा पाय एका बाजूला टाकून कुल्ल्यावर बसलं, हनुवटी टेकवली, तर जमलं.

ढील कमी करायची ती उभ्या गाडीतच, एका वेळी पाच सें.मी. ‘आज जरा सैल असू दे, जवळच तर जायचंय’ असं म्हणून चालत्या गाडीत सैल सोडायचं नाही. आणि गाडीतून उतरलं की दरवेळी दवाखानाच दिसत असेल तर कुत्रं गाडीचा धसका घेणारच. चकरा मैदानावर किंवा टेकडीवर संपवा.

गाडी लागणं

पिल्लांचा तोल सांभाळणारा कानातला भाग पुरता तयार नसतो, म्हणून त्यांना गाडी जास्त लागते. पुष्कळांची खोड वाढत्या वयात जाते. लाळेची तार सुटली की उलटी दूर नाही. निघायच्या चार तास आधी अर्धं जेवण, तेही हलकं. दहीभात चालतो, पोळी-दूध नको. पूर्ण उपाशीपोटीही काही कुत्री पित्ताची पिवळी उलटी करतात, अशांना तासभर आधी एखादं बिस्किट पुरतं.

यावर मॅरोपिटंट नावाचं औषध आहे, निदान दोन तास आधी द्यावं लागतं, मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. माणसांच्या गोळ्या अंदाजाने मोडून देऊ नका. गुंगीची औषधं तर अजिबात नकोत. त्यांनी शरीर सुस्त पडतं पण भीती आत तशीच राहते, आणि वळणावर तोल सावरता येत नाही.

घाटात खरं औषध चालकाच्या पायात असतं. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात ब्रेक मारायचा नाही, बाहेर पडताना हळू पिकअप घ्यायचा. तपासायला सोपी युक्ती: अर्धी भरलेली एक लिटरची बाटली मागच्या खळग्यात उभी ठेवा. ती पडली तर कुत्र्याचाही तोल गेलेला असतो. पिरंगुटला ती आता पडत नाही.

ऊन

याबाबतीत कुणाचंही ‘पाचच मिनिटं’ ऐकू नका. 2005 साली अमेरिकेत झालेल्या मोजणीत बंद गाडीचं तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सियसने वाढलं, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात. काच बोटभर उघडी ठेवून फरक पडला नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांना येतो, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर, आणि आतली हवाच तापली की धापाही उपयोगी पडत नाहीत. पग, बुलडॉग, शिह त्झू यांची तर नाकं आखूड, त्यांना एसी बंद पडला तर प्रवास तिथेच थांबवावा.

मैनाच्या नाकाच्या उंचीवर छोटा थर्मामीटर लावलाय. पुढे बसणाऱ्याला गारठा वाटतो तेव्हाही दुपारी मागे उन्हाच्या बाजूला चांगलंच गरम असतं. काचेला जाळीचा पडदा लावला आणि पुढचे मधले झोत छताच्या दिशेने वळवले, तेव्हा मागे 26च्या आत राहायला लागलं.

कुत्र्याचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 असतं. 41च्या वर उष्माघात. हिरड्या गडद लाल, लाळ चिकट, चाल लटपटती दिसली तर आधी सावलीत घेऊन मिळेल ते गार पाणी अंगभर ओता, वारा घाला, मग दवाखाना गाठा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते.

थांबे आणि कागद

दोन-अडीच तासांनी एकदा थांबायचं. 18 किलोंना दिवसाला लिटरभर पाणी लागतं, थांब्यावर 100-150 मि.ली. पुरे, एकदम वाडगाभर नको. ढाब्यांवर तिथली कुत्री आपली हद्द राखून असतात, भांडणं होतात, त्यापेक्षा पेट्रोल पंपाचा रिकामा कोपरा बरा. क्रम ठरलेला: लीश हार्नेसला, तिचं टोक मनगटात, मग आयसोफिक्सची कॅराबिनर, आणि दार सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की अनोळखी जागी कुत्री पळतात. डांबरावर उतरवण्याआधी तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा.

सोबत रेबीजच्या लशीची नोंद असलेलं पुस्तक, फोन नंबर कोरलेला बिल्ला, अंगावरच्या खुणा दिसतील असा फोटो. जनावरांच्या वाहतुकीच्या 1978च्या नियमांत कुत्र्या-मांजरांचं वेगळं प्रकरण आहे, त्यात प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला सांगितलाय. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याचं 11वं कलम हाल होतील अशा रीतीने जनावर नेणं गुन्हा ठरवतं.

वेगळ्या मापाची कुत्री

सहा-सात किलोंपर्यंतच्या कुत्र्याला पिंजऱ्यापेक्षा टणक कॅरिअर आणि पुढच्या सीटमागचा खळगा उत्तम. सीट मागे सरकवून कॅरिअर घट्ट बसवायचा. प्लॅस्टिकच्या कॅरिअरवरून सीट बेल्ट आवळू नका. बनवणाऱ्याने तसं सांगितलं नसेल तर धडकेत बेल्टच तो चिरडतो. घडीच्या तारेच्या क्रेटचं दार धडकेत निसटतं आणि तारा आत वळतात, तो मुक्कामाला ठेवावा. तीस किलोंच्या वरच्या लॅब, जर्मन शेफर्डसाठी डिकीत जागा असलेली गाडी असेल तर मागच्या सीटच्या पाठीला टेकवून आडवा क्रेट आणि मध्ये जाळी, हीच मांडणी धरावी. क्रेट ऐसपैस नको. वळून आडवं होता येईल एवढाच, कारण आतली मोकळी जागा म्हणजेही ढीलच.

उरलेलं

ढील 12वरून 8वर आणायची आहे, पण तेवढ्यात मैना डाव्या कुशीवर वळत नाही. कडी पाठीच्या मध्यावर आहे, ती दोन बोटं मागे घेऊन बघायची. शिलाई एकदा उसवून हार्नेस बाद करण्यापेक्षा दुसरी कडी असलेलाच घ्यावा असं वाटतं. घरी शिवलेल्या जोडावर अडीचशे किलोंचा भरवसा ठेवता येत नाही. ताम्हिणी पाऊस ओसरल्यावरच. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये धुकं आणि दरडी असतात, आणि अडकून पडलो तर कुत्रीला मोकळं करायलाही जागा नसते. तोवर मुळशी धरणापर्यंतच्या चकरा, पहाटे निघून ऊन चढायच्या आत परत.